तुपाच्या वेषातलं तेल

मराठीत 'डालडा' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला अर्थात पिवळ्या डब्यातलं वनस्पती तूप. दुसरा म्हणजे वरून अस्सल दिसणारी, पण आतून नकली असलेली कुठलीही गोष्ट. एखाद्या ब्रँडचं नाव त्या वस्तूलाच चिकटणं नेहमीचं आहे (झेरॉक्स, कोलगेट वगैरे). पण ज्या डब्याने आयुष्यभर शुद्धतेचा डांगोरा पिटला, त्याचंच नाव नकलीपणाला मिळावं हे जरा गमतीचं आहे. ह्या गमतीमागे नक्की काय घडलं ते बघावं म्हणून गेले काही शनिवार-रविवार वाचन चालू होतं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

डालड्याची नेहमीची कथा अशी: तूप महाग, सामान्य माणसाला परवडेना, कंपनीने स्वस्त पर्याय आणला, लोकांनी उचलून धरला, आणि पुढे कळलं की तो हृदयाला वाईट. ह्यात खोटं काहीच नाही. पण एक साधा प्रश्न मध्येच राहून जातो. डालडा बनायचं कशापासून? बरीच वर्षं मुख्यतः शेंगदाणा तेलापासून. म्हणजे ज्या घरात तूप परवडत नव्हतं, त्या घरात जे तेल आधीपासून खाल्लं जात होतं, त्याच तेलावर कारखान्याचा, डब्याचा आणि जाहिरातीचा खर्च चढवून तो पदार्थ परत त्याच घराला विकला गेला. मग लोकांनी तो घेतला का? माझ्या मते डालड्याच्या इतिहासातला खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर आजच्या किराणा दुकानातही कामाला येतं.

सुरुवात युरोपातून करावी लागेल. तिसऱ्या नेपोलियनला लोण्याला स्वस्त पर्याय हवा होता. इपोलित मेज-मुरिए नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1869 मध्ये गुरांच्या चरबीपासून मार्गारिन बनवून दाखवलं. पुढे निकेलच्या मदतीने हायड्रोजन दुसऱ्या रेणूंमध्ये घुसवता येतो हे पॉल साबातिएने सिद्ध केलं (त्याला 1912 चं नोबेल मिळालं), आणि तीच युक्ती पातळ तेलावर चालवून जर्मनीच्या विल्हेल्म नॉरमानने 1902 मध्ये पेटंट घेतलं. आता चरबीचीही गरज उरली नाही, कुठलंही स्वस्त तेल चालणार होतं.

हे होतं कसं? तेलाच्या रेणूत तीन लांब साखळ्या असतात. साखळीत दुहेरी बंध असला की तिथे तिला बाक येतो. बाकदार साखळ्या एकमेकींना लागून नीट बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. त्या बंधात हायड्रोजन घातला की बाक जातो, आणि सरळ झालेल्या साखळ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या शिस्तीत रचल्या जातात. झालं तेल घट्ट! पण सगळेच बंध असे भरले तर मेणासारखा कडक गोळा तयार होतो, तो कोण खाणार? म्हणून प्रक्रिया मध्येच थांबवायची. आणि गोम इथेच आहे. अर्धवट थांबवल्यावर काही दुहेरी बंध शिल्लक राहतात, पण त्यातले बरेच निकेलच्या पृष्ठभागावर जाऊन आल्यामुळे वेगळ्या ठेवणीचे झालेले असतात. बंध कायम, साखळी मात्र जवळपास सरळ. हेच ट्रान्स फॅट. त्या काळी ह्याची कुणाला काळजी नव्हती. उलट घट्टपणा आणण्यात त्याचा हातभारच लागत होता.

अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल ह्या साबण-मेणबत्तीवाल्या कंपनीने 1911 मध्ये सरकीच्या तेलापासून 'क्रिस्को' काढलं. कापसाच्या धंद्यात सरकी हे उपउत्पादन, त्याचं तेल आधी साबणात जायचं. तेच आता स्वयंपाकघरात आलं, आणि सोबत 615 पाककृतींचं पुस्तक फुकट! घट्ट केलेलं तेल आणि जाहिरात ही जोडी तेव्हापासूनची आहे.

आपल्याकडे हा पदार्थ डच मार्गारिन कंपन्यांनी 1918 च्या सुमारास आणला. 1930 मध्ये ब्रिटिश लिव्हर ब्रदर्स आणि डच मार्गारिन युनी एकत्र येऊन युनिलिव्हर झाली. तिने 1931 मध्ये भारतात हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी नोंदवली आणि 1932 मध्ये मुंबईत शिवडीला उत्पादन सुरू केलं. नावाची गोष्ट अशी सांगतात की हॉलंडहून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याच्या कंपनीचं नाव होतं 'दादा'. त्यात लिव्हरचा 'ल' घुसवला आणि झालं डालडा. 1937 मध्ये हे नाव बाजारात आलं.

सुरुवातीला ग्राहक बिचकत होता. तुपासारखं दिसतं, पण गायी-म्हशीशी काही संबंध नाही, हे काय प्रकरण? मग 1939 मध्ये लिंटास ह्या जाहिरात कंपनीने जी मोहीम काढली, ती भारतातली पहिली मोठी बहुमाध्यमी मोहीम म्हणून आजही सांगितली जाते. चित्रपटगृहात दाखवायची छोटी फिल्म, रस्त्यारस्त्यावर फिरणारी गोल डब्याच्या आकाराची गाडी, छापील पत्रकं, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, आणि नाक्यावर स्टॉल टाकून समोर तळून दाखवलेले पदार्थ. वाचता न येणाऱ्या माणसालाही ओळखता यावा म्हणून पिवळा डबा आणि त्यावर हिरवं ताडाचं झाड.

आता जरा बारकाईने बघा. ह्या सगळ्या खटाटोपात डालड्याची तुलना कुणाशी होते आहे? तुपाशी! दिसायला तुपासारखं, रवाळ तुपासारखं, घट्ट तुपासारखं, आणि तुपापेक्षा स्वस्त. एकदा का तूप हा मापदंड मान्य केला की डालडा फायद्याचाच सौदा ठरतो. शेजारी बरणीत जे शेंगदाण्याचं, तिळाचं, करडईचं तेल आहे, त्याच्याशी तुलना केली असती तर? मग डालड्याकडे सांगायला काय होतं? पोषण जास्त नाही. चव जास्त नाही. ताजेपणा तर मुळीच नाही. टिकाऊपणा आणि सांडत नाही एवढीच जमेची बाजू. (ती अगदीच किरकोळ नव्हती, त्याबद्दल पुढे.) म्हणून मला वाटतं की डालड्याने तुपाची जागा घेतलीच, पण खरी बाजी मारली ती तेलावर. सणासुदीला तूप आणि रोज तेल खाणाऱ्या माणसाच्या मनात "तेल म्हणजे कमीपणा" हे होतंच. त्या कमीपणावर डब्याने बरोबर बोट ठेवलं.

गंमत म्हणजे ह्याच्या नेमकं उलटं काम त्याच दशकात, आजच्या महाराष्ट्रातच, रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर चालू होतं. डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजींची प्रेरणा, सचिव जे. सी. कुमारप्पा, आणि मुक्काम मगनवाडी. हातसडीचा तांदूळ, साखरेऐवजी गूळ, आणि गिरणीऐवजी घाण्याचं तेल ही त्यांच्या प्रचाराची मुख्य कलमं. पण हे लोक नुसते उपदेश करत बसले नव्हते. मगनवाडीत झवेरभाई पटेल ह्यांनी बैलाच्या पारंपरिक घाण्याचा अभ्यास करून त्यात सुधारणा केल्या, आणि एका वेळी जास्त बी घेणारा जो घाणा तयार झाला तो 'वर्धा घाणी' म्हणून ओळखला जातो. शिवडीला वाफ, निकेल आणि हायड्रोजन. वर्ध्याला लाकूड, बैल आणि थोडी भूमिती. दोन्हीकडे शेंगदाणा एकच.

घाण्याच्या बाजूचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो. तेली गावातच असतो. शेतकरी आपलं बी घेऊन जातो, समोर तेल काढून घेतो, पेंड घरच्या जनावराला घालतो. लागेल तेवढंच काढायचं, त्यामुळे तेल शिळं व्हायचा प्रश्न कमी. काय बी घातलं हे डोळ्यांसमोर असतं, खवट झालं की नाक सांगतं. म्हणजे तपासणीची सगळी यंत्रणा माणसाच्या शरीरातच बसवलेली आहे :-)

पण एवढ्यावरून "पूर्वी सगळं कसं छान होतं" अशी टकळी लावायची नाही. भुईमूग हे मुळात दक्षिण अमेरिकेतलं पीक, म्हणजे शेंगदाण्याचं तेल काही वेदकाळापासूनचं नाही. घाण्यात बरंच तेल पेंडीतच राहून जातं, गिरणी त्याच दाण्यातून जास्त काढते. शहरात, गिरणगावातल्या खोलीत राहणाऱ्या माणसाने बी घेऊन कुठल्या तेल्याकडे जायचं? आणि सुटं तेल म्हणजे शुद्ध तेल असंही नाही. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळल्यामुळे जलशोफाची साथ आली आणि साठहून अधिक माणसं मेली. बंद डब्याला जो विश्वास मिळाला, त्यामागे अशी खरी भीतीसुद्धा होती. डालडा घेणाऱ्या बायका भोळ्या होत्या असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.

मग भांडण कशावरून पेटलं? भेसळीवरून. घट्ट, पांढरं, रवाळ वनस्पती तुपात मिसळलं की डोळ्यांना काही कळत नाही. शहरातल्या बाजारात तूप म्हणून नक्की काय विकलं जातंय ह्याचा भरवसा राहिला नाही. गांधीजींनी 1946 मध्ये 'हरिजन'मधून वनस्पतीविरुद्ध लिहिलं. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये पंडित ठाकूरदास भार्गव ह्यांनी वनस्पतीचं उत्पादन आणि विक्रीच बंद करावी असं खाजगी विधेयक हंगामी संसदेत आणलं. चर्चा गाजली, पण विधेयक संमत झालं नाही.

बंदी नको तर निदान रंग तरी द्या, अशी मधली मागणी होती. कल्पना सोपी आहे. वनस्पतीला गुलाबी किंवा हिरवा रंग दिला की तुपात मिसळल्याबरोबर चोरी उघडी पडेल. ज्याला वनस्पती म्हणून खायचं आहे त्याने खुशाल खावं. रतनजोतीसारख्या वनस्पतिजन्य रंगांचा विचार झाला, समित्या बसल्या. पण रंग निरुपद्रवी हवा, तळताना टिकायला हवा, आणि लबाड माणसाला काढता येता कामा नये. ह्या तिन्ही अटी पुऱ्या करणारा रंग काही सापडला नाही, आणि वनस्पती पांढरं ते पांढरंच राहिलं.

इथे अमेरिकेचं उदाहरण बाजूला ठेवून बघण्यासारखं आहे, कारण तिथे हाच रंगाचा वाद लोणी आणि मार्गारिन ह्यांच्यात आधीच होऊन गेला होता. 1886 मध्ये मार्गारिनवर केंद्रीय कर बसला. काही राज्यांनी तर मार्गारिन गुलाबी रंगवलंच पाहिजे असा कायदा केला, तो 1898 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मग 1902 मध्ये पिवळ्या मार्गारिनवर पौंडाला 10 सेंट कर आणि पांढऱ्यावर फक्त पाव सेंट. लोक पांढरं मार्गारिन आणि सोबत रंगाची पुडी घेऊन घरी मळत बसायचे! विस्कॉन्सिन राज्यात पिवळ्या मार्गारिनची विक्री 1967 पर्यंत बंद होती, आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात हा रंगाचा नियम थेट 2008 मध्ये उठला. तिथे दूधवाल्यांची संघटित ताकद होती. आपल्याकडे तूप कढवणाऱ्या लाखो बायका आपापल्या घरात विखुरलेल्या होत्या. त्यांचं म्हणणं दिल्लीत कोण मांडणार?

रंगाऐवजी आपल्या सरकारने एक वेगळीच युक्ती काढली. ती मला अभियंता म्हणून फार आवडते आणि ग्राहक म्हणून अजिबात आवडत नाही. नियम असा केला की प्रत्येक कारखान्याने वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे. कारण तिळाच्या तेलातला एक घटक फरफ्युराल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर गुलाबी-लाल रंग देतो. ह्याला बोदुआँ चाचणी म्हणतात. फरफ्युरालऐवजी चिमूटभर साखर घातली तरी चालतं. तुपाचा नमुना परीक्षानळीत घ्या, आम्ल घाला, हलवा. लाल झालं की भेसळ. नोटेवर अदृश्य खूण छापावी तसा प्रकार! पण ही खूण दिसणार कुणाला? प्रयोगशाळेतल्या माणसाला. फोडणी देणाऱ्या बाईच्या हाताशी हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली थोडीच असते? डोळ्याला दिसणारी खूण जाऊन तिथे फक्त तज्ज्ञाला दिसणारी खूण आली. खाणाऱ्याची तपासण्याची ताकद त्याच्याकडून निघून निरीक्षकाकडे गेली, ती गेलीच.

आणि निरीक्षक तरी काय काय बघणार? 1983 मध्ये वनस्पतीत आयात केलेली गुरांची चरबी मिसळल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि देशभर गदारोळ झाला. नावातच 'वनस्पती' असलेल्या पदार्थाबद्दल ही शंका यावी, ह्यावरून पारदर्शकता किती उरली होती ते कळतं. तरी खप वाढतच गेला होता. 1950-51 मध्ये देशात सुमारे दीड लाख टन वनस्पती बनत होतं, 1980-81 पर्यंत ते साडेसात लाख टनांच्या आसपास गेलं.

ट्रान्स फॅटचा हिशेब सगळ्यात शेवटी आला. फ्रेड कुमेरो ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1957 मध्येच धोक्याची सूचना दिली होती, ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. 1990 मध्ये हॉलंडच्या मेन्सिंक आणि काटान ह्यांनी दाखवलं की ट्रान्स फॅटमुळे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं, म्हणजे दोन्हीकडून मार. 2003 मध्ये डेन्मार्कने अन्नातल्या चरबीत 2 टक्क्यांहून जास्त औद्योगिक ट्रान्स फॅट नको असा कायदा केला. आपल्याकडे 2009 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातली वनस्पती तपासली, तेव्हा प्रमाण डेन्मार्कच्या मर्यादेच्या 5 ते 12 पट निघालं. मग 2011 मध्ये 10 टक्के, पुढे 5 टक्के, जानेवारी 2021 पासून 3 आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्के अशी मर्यादा उतरत आली. शिवडीला कारखाना सुरू झाल्यापासून मोजलं तर नव्वद वर्षं. तोवर डालडा हा ब्रँडही मूळ कंपनीकडे राहिला नव्हता, 2003 मध्येच तो बंगी ह्या कंपनीला विकला गेला होता.

आता 2 टक्क्यांचा नियम आल्यावर विषय संपला का? ट्रान्स फॅटपुरता बराचसा संपला, आणि ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण ती जुनी युक्ती तशीच आहे. आइस्क्रीमच्या शेजारी, तशाच डब्यात, तशाच चवींमध्ये 'फ्रोझन डेझर्ट' ठेवलेलं असतं, ज्यात दुधातल्या स्निग्धांशाऐवजी वनस्पतिजन्य चरबी असते. डब्यावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. पनीरच्या जागी 'अ‍ॅनालॉग पनीर' आलंय, त्याच्या पाकिटावरही तसं लिहावं लागतं. पण हॉटेलात ताटात आलेल्या भाजीला कुठे पाकीट असतं? डालड्याच्या डब्यावर डालडा लिहिलेलं होतंच की, मिठाईवर लिहिलेलं नव्हतं. दरवेळी नकलेची तुलना महाग अस्सलाशी करायची आणि स्वस्त अस्सल नजरेआड ठेवायचं, हा डाव तोच. "खऱ्या आइस्क्रीमपेक्षा स्वस्त" हे बरोबरच आहे, पण त्या पैशात डझनभर केळी येतात हे कुठलीच जाहिरात सांगणार नाही.

म्हणून दुकानात उभा असताना मी स्वतःला दोन प्रश्न विचारायचं ठरवलंय. पहिला: हा पदार्थ कशाचा वेष घेऊन आलाय, आणि वेष उतरवला तर खाली काय आहे? घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली की वेष बऱ्यापैकी उतरतो. दुसरा: वेष नसलेली तीच वस्तू मला कुठे मिळेल? बहुतेक वेळा उत्तर लाजिरवाणं सोपं असतं. शेंगदाणेच हवे असतील तर शेंगदाणे मिळतात. आपल्या जेवणात तर ही सोय आधीपासून करून ठेवलेली आहे. दाण्याचं कूट, तिळकूट, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी हे सगळे तेलबिया अख्ख्या खायचे प्रकार आहेत. ना गिरणी, ना निकेल, ना डबा. खवट झालं तर पहिल्या घासाला कळतं.

जाता जाता शब्दाचीच एक गोष्ट. आपण 'साजूक तूप' म्हणतो. 'साजूक' म्हणजे ताजं, नुकतं केलेलं. पण आज कुणालाही विचारा, 'साजूक'चा अर्थ 'खरं, डालडा नसलेलं' असाच सांगतील. ताजं आहे का हे विचारण्यासाठी जो शब्द होता, तो खरं आहे का हे विचारण्यात खर्ची पडला. तूप तर परत मिळालं. तो पहिला प्रश्नही परत विचारायला लागलो तर बरं.